कर्करोगाच्या इम्युनोथेरपीतील संशोधिकेची प्रकाशनयादी परिचयलेखासाठी कशी वाचावी?

विज्ञानशिक्षक, चोपडा

सर्वांना नमस्कार.

आमच्या गावच्या सार्वजनिक वाचनालयाची स्मरणिका दिवाळीनंतर निघणार असून तिच्यात गावच्या एका लेकीचा परिचय लिहिण्याची जबाबदारी माझ्यावर आली आहे. ताईंचे प्राथमिक शिक्षण गावातल्या जिल्हा परिषद शाळेत, महाविद्यालयीन शिक्षण चोपड्याला आणि एम.एस्सी. जळगावच्या विद्यापीठात झाले. पुढे पीएच.डी.साठी त्या बाहेर गेल्या आणि गेली बरीच वर्षे कर्करोगाच्या इम्युनोथेरपीवर, म्हणजे शरीराच्या स्वतःच्या प्रतिकारशक्तीकरवी करायच्या उपचारांवर, संशोधन करीत आहेत. तोंडाच्या कर्करोगात रुग्णाच्या टी-पेशी (प्रतिकारशक्तीच्या पांढऱ्या रक्तपेशी) गाठीपर्यंत पोचतात, तरीही तिथे गेल्यावर त्या निष्प्रभ का होतात, हा त्यांच्या कामाचा मुख्य प्रश्न आहे, एवढे मला समजले आहे. दहावीनंतर मुलींचे शिक्षण आजही अनेकदा थांबते अशा सातपुड्याच्या पायथ्याच्या गावातून हे काम उभे राहिले याचा आम्हा सर्वांना मनापासून अभिमान आहे, आणि म्हणूनच परिचयातला प्रत्येक शब्द खरा असावा असे मला वाटते.

माझ्या विनंतीवरून ताईंनी आपली प्रकाशनयादी पाठवली. ती अनेक पानांची आहे. तिच्यात शोधनिबंध आहेत, आढावालेख आहेत, पुस्तकांतील प्रकरणे आहेत आणि परिषदांमधील गोषवारेही आहेत. काही नोंदींत त्यांचे नाव पहिले आहे, काहींत शेवटी, तर काहींत तीस-चाळीस नावांच्या मधोमध आहे. यादीच्या वर एच-इंडेक्स आणि एकूण सायटेशन (इतरांच्या निबंधांत झालेले उल्लेख) असे दोन आकडे दिले आहेत. मी स्वतः पबमेड या वैद्यकीय निबंधांच्या ऑनलाइन सूचीवर त्यांचे आडनाव व आद्याक्षरे घालून शोध घेतला, तेव्हा यादीत नसलेले कितीतरी निबंध समोर आले आणि यादीतले काही मात्र सापडलेच नाहीत.

संपादक मंडळातील ज्येष्ठांचे म्हणणे असे की, ‘शंभराहून अधिक आंतरराष्ट्रीय शोधनिबंध’ हे ठळक अक्षरांत छापावे आणि शीर्षक ‘कॅन्सरवर औषध शोधणारी खान्देशकन्या’ असे द्यावे. त्यांची भावना निर्मळ आहे, परंतु ही दोन्ही विधाने यादीवरून सिद्ध होतात असे म्हणण्याचे धाडस मला होत नाही. ताईंना विचारले तर ‘सर, तुम्हाला योग्य वाटेल ते लिहा’ एवढेच त्या म्हणतात.

अशी यादी हाती आल्यावर ती कोणत्या बाजूने वाचायला सुरुवात करावी, कोणती नोंद महत्त्वाची हे बाहेरच्या माणसाने कसे ओळखावे, आणि सामान्य वाचकाला कळेल असे, पण संशोधकाला खटकणार नाही असे नेमके काय लिहावे, याबाबत जाणकारांनी मार्गदर्शन करावे, ही विनंती.


ग्रंथालयकर्मी, जळगाव

सर, नमस्कार. तुमच्या शोधात जे जास्तीचे निबंध दिसले, त्यांचा उलगडा आधी करतो, कारण पुढची सगळी मोजदाद त्यावर अवलंबून आहे.

आपल्याकडे पाटील, चौधरी, महाजन आणि सोनवणे किती आहेत, हे तुमच्या हजेरीपटावरही दिसत असेल. पबमेडमध्ये लेखकाची ओळख आडनाव आणि आद्याक्षरे अशी चालते. लेखकांची पूर्ण नावे २००२ पासूनच्या नोंदींतच मिळू लागतात, तीही मूळ नियतकालिकाने छापली असतील तरच. त्यामुळे ‘पाटील एस’ असा शोध घेतला की पुण्याचे शल्यविशारद, बेळगावचे दंतवैद्य आणि अमेरिकेतले एखादे जनुकशास्त्रज्ञ, सगळे एकाच रांगेत येऊन उभे राहतात. याच्या उलट अडचण विवाहित संशोधिकांच्या बाबतीत येते. माहेरच्या आडनावाने प्रसिद्ध झालेले सुरुवातीचे निबंध एका नावाखाली आणि नंतरचे दुसऱ्या नावाखाली जातात, आणि शोधणाऱ्याला निम्मे आयुष्य दिसतच नाही. ताईंच्या बाबतीत तसे झाले आहे का, हे त्यांना अवश्य विचारा.

आणखी एक गोष्ट आपल्या भागापुरती. आपले विद्यापीठ १९९० साली स्थापन झाले आणि २०१८ पर्यंत त्याचे नाव उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ असेच होते; कवयित्री बहिणाबाई चौधरी यांचे नाव त्यानंतर जोडले गेले. एम.एस्सी.च्या वेळचा किंवा त्यानंतर लगेचचा एखादा निबंध असेल तर त्यावर संस्थेचे जुने नाव असेल. तो निबंध कर्करोगावरचा नसेल, कदाचित एखाद्या जिवाणूवरचा किंवा वनस्पतीवरचा असेल. पण जळगावचा पत्ता असलेला निबंध तुमच्या वाचकांसाठी मोलाचा आहे, तो गाळू नका.

या गोंधळावर उपाय म्हणून २०१२ पासून ऑर्किड नावाचा सोळा अंकी ओळखक्रमांक वापरात आला आहे. ताईंकडे तो बहुधा असेलच, कारण अनेक नियतकालिके निबंध पाठवताना तो मागतात. त्या क्रमांकाच्या पानावरची यादी आणि तुमच्या हातातली यादी शेजारी ठेवून पाहा. शिवाय आजकालच्या बहुतेक निबंधांना १० या अंकांनी सुरू होणारा डीओआय क्रमांक असतो. तो टाकला की थेट मूळ निबंधाचे पान उघडते. पबमेडवर न सापडलेल्या नोंदी अशाच तपासाव्यात. पुस्तकातील प्रकरणे तिथे सहसा नसतात आणि सर्व नियतकालिकेही नसतात, त्यामुळे न सापडणे हा दोष मानू नये. मात्र पैसे घेऊन चार-आठ दिवसांत काहीही छापणारी नियतकालिकेही बाजारात पुष्कळ आहेत. पदोन्नतीसाठी प्रकाशने दाखवावी लागत असल्याने चांगली माणसेही कधी कधी त्यांच्याकडे वळतात. अशी एखादी नोंद यादीत दिसली तर तिच्यावरून माणसाची परीक्षा करू नये, पण परिचयात तिचा आधारही घेऊ नये.

आता आकड्यांविषयी. एच-इंडेक्स ही कल्पना २००५ साली जॉर्ज हिर्श या भौतिकशास्त्रज्ञांनी मांडली. तो ३० असेल तर त्याचा अर्थ, त्या व्यक्तीचे किमान ३० निबंध असे आहेत की ज्यांतील प्रत्येकाचा उल्लेख इतर निबंधांत किमान ३० वेळा झाला आहे. हा आकडा वयाबरोबर वाढतच जातो, कधी कमी होत नाही, आणि लेखकाचा निबंधातला वाटा किती होता हे तो मुळीच सांगत नाही. शिवाय तो कुठून घेतला यावर बदलतो. गूगल स्कॉलर प्रबंध, प्रीप्रिंट (तज्ज्ञांच्या तपासणीपूर्वीच जाहीर केलेले निबंध) असे बरेच काही मोजत असल्याने तिथला आकडा स्कोपस या निवडक नियतकालिकांच्या सूचीपेक्षा बहुधा मोठा असतो. नियतकालिकाच्या इम्पॅक्ट फॅक्टरवरून (त्यातील निबंधांच्या सरासरी उल्लेखांच्या आकड्यावरून) एखाद्या संशोधकाची किंमत ठरवू नये, असे तर सॅन फ्रान्सिस्को जाहीरनाम्यात २०१२ सालीच शास्त्रज्ञांनी आणि संपादकांनी स्पष्ट म्हटले आहे.

माझे मत असे की, आकडे स्मरणिकेत देऊच नयेत. तीन-चार निबंध निवडून त्यांत काय सापडले ते सांगावे आणि संपूर्ण यादीची एक प्रत बांधून वाचनालयाच्या संदर्भ विभागात ठेवावी. ज्याला खरोखर पाहायचे आहे तो तिथे पाहील.


कर्करोगतज्ज्ञ, धुळे

शिक्षक महोदय, तुमच्या प्रश्नातील ‘औषध शोधणारी’ या शब्दांविषयी मला लिहावेसे वाटते, कारण या क्षेत्रात शोध आणि औषध यांच्यामध्ये किती अंतर असते आणि ते कोण कोण कापते, हे प्रकाशनांच्या इतिहासातच स्पष्ट दिसते.

शरीराने आपल्याच टी-पेशींवर काही लगाम ठेवलेले असतात. ते नसतील तर या पेशी स्वतःच्या अवयवांवरही तुटून पडतील. कर्करोगाची गाठ याच लगामांचा फायदा घेते, आणि आज ज्याला आपण इम्युनोथेरपी म्हणतो त्यातील मोठा भाग हे लगाम सैल करण्याचा आहे. त्यातील पहिला लगाम म्हणजे टी-पेशीवरचा सीटीएलए-४ हा रेणू. त्याला रोखल्यास उंदरांतील गाठी नाहीशा होतात, हे दाखवणारा निबंध १९९६ साली सायन्स या नियतकालिकात आला. निबंध अवघा तीन पानांचा, लेखक तीन, आणि त्यांत जेम्स ॲलिसन यांचे नाव शेवटी. त्यावरून तयार झालेल्या इपिलिमुमॅब या औषधाला अमेरिकेत मान्यता मिळाली ती २०११ च्या मार्च महिन्यात, म्हणजे पंधरा वर्षांनी. मधल्या काळात मानवी शरीराला चालेल असे प्रतिपिंड (ठरावीक रेणूला चिकटणारे प्रथिन) बनवणारी कंपनी, चाचण्या करणारे डॉक्टर, आणि त्या चाचण्यांत स्वेच्छेने सहभागी झालेले मेलॅनोमा या त्वचेच्या कर्करोगाचे रुग्ण, एवढ्यांचे हात त्याला लागले.

दुसरे उदाहरण अधिक बोलके आहे. तासुकु होन्जो यांच्या प्रयोगशाळेने पीडी-१ या रेणूचा शोध १९९२ साली एम्बो जर्नलमध्ये प्रसिद्ध केला. ते लोक त्या वेळी पेशींच्या नियोजित मृत्यूशी संबंधित जनुके शोधत होते. पीडी-१ चा कर्करोगाशी काही संबंध असेल हे तेव्हा कोणाच्या ध्यानीमनीही नव्हते. पुढे या रेणूचे काम लगामाचे आहे हे उंदरांवरून कळले, गाठी त्याचा वापर करतात हे त्यानंतर कळले, आणि त्याला रोखणारी निवोलुमॅब व पेम्ब्रोलिझुमॅब ही औषधे २०१४ साली बाजारात आली. २०१८ चे नोबेल पारितोषिक ॲलिसन आणि होन्जो यांना मिळाले. १९९२ साली कोणी होन्जो यांची प्रकाशनयादी हाती घेतली असती तर त्या एका निबंधापाशी थांबण्याचे काही कारण त्याला दिसले नसते. म्हणून ताईंच्या यादीतील ‘सर्वांत मोठा’ निबंध कोणता, हे आज आपण ठरवायला जाऊ नये. त्यांना स्वतःला कोणता प्रश्न सुटल्यासारखा वाटला, ते विचारावे.

यादी वाचताना मी पहिल्यांदा पाहतो ते, काम कोणत्या टप्प्यावरचे आहे. काचपात्रातल्या पेशींवरचे, उंदरांवरचे, शस्त्रक्रियेत काढलेल्या गाठींच्या नमुन्यांवरचे, की रुग्णांवरील चाचणीचे? चारही टप्प्यांवरचे काम आवश्यक असते, परंतु वाचकाला हा फरक सांगितला नाही तर उंदरातला निष्कर्ष थेट आपल्या घरच्या रुग्णाला लागू झाल्यासारखा वाटतो.

चाचणीचा निबंध कसा वाचावा, यासाठी आपल्याच मुंबईतले उदाहरण देतो. टाटा मेमोरियलमधील डॉक्टरांनी डोके व मान यांच्या कर्करोगाच्या अशा १५१ रुग्णांवर अभ्यास केला, ज्यांचा आजार पूर्ण बरा होण्यापलीकडे गेला होता. निम्म्यांना तोंडावाटे घ्यायची तीन स्वस्त औषधे दिली, आणि उरलेल्यांना त्यांच्या जोडीला निवोलुमॅब दर तीन आठवड्यांनी केवळ २० मिलिग्रॅम दिले. प्रचलित मात्रा दर दोन आठवड्यांनी २४० मिलिग्रॅम अशी आहे. एक वर्षानंतर हयात असलेल्यांचे प्रमाण पहिल्या गटात १६.३ टक्के, तर दुसऱ्या गटात ४३.४ टक्के आढळले. हा निबंध जर्नल ऑफ क्लिनिकल ऑन्कॉलॉजीत आला आणि पूर्ण मात्रा परवडत नसलेल्या असंख्य रुग्णांसाठी त्याने एक वाट दाखवली. तरीही तो काय सांगत नाही, हेही वाचले पाहिजे: तो एकाच रुग्णालयातला आहे, आणि कमी मात्रा ही पूर्ण मात्रेइतकीच गुणकारी आहे असे त्याने सिद्ध केलेले नाही, कारण ती तुलना त्यात केलेलीच नव्हती.

पूर्ण मात्रेच्या २०१६ सालच्या आंतरराष्ट्रीय चाचणीतही, जिच्यात ३६१ रुग्ण होते, निवोलुमॅब घेतलेल्यांपैकी एक वर्ष जगलेले ३६ टक्केच होते. जुन्या औषधांच्या गटात ते १६.६ टक्के होते, म्हणजे फायदा निश्चित आहे. परंतु बहुसंख्यांना तो पुरेसा मिळत नाही. लगाम सैल करूनही टी-पेशी का उठत नाहीत? ताईंचा प्रश्न नेमका हाच आहे. परिचयात तुम्ही एवढे जरी नीट सांगितले, तरी त्या कामाचे महत्त्व ‘औषध शोधले’ म्हणण्याहून अधिक पोचेल, असे मला वाटते. माझ्या बाह्यरुग्ण विभागात दर आठवड्याला गालाच्या आणि जिभेच्या कर्करोगाचे रुग्ण शिरपूर, साक्री, अमळनेर अशा गावांहून येतात. त्या प्रत्येकाच्या वतीने हा प्रश्न कोणीतरी विचारत आहे, ही साधी गोष्ट नाही.


विज्ञानशिक्षक, चोपडा

ग्रंथालयकर्मी आणि डॉक्टरसाहेब, दोघांचे मनःपूर्वक आभार. ताईंच्या सुरुवातीच्या पाच निबंधांवर माहेरचे आडनाव आहे, हे त्यांच्याशी बोलल्यावर कळले, आणि त्यांतील एक जळगावचाच आहे.

डॉक्टरसाहेबांनी सांगितल्याप्रमाणे ताईंना स्वतःला महत्त्वाच्या वाटणाऱ्या नोंदी मी विचारल्या. त्यांनी तीन सांगितल्या. पहिलीत नऊ लेखक असून त्यांचे नाव पहिले आहे, त्यांच्या आणि दुसऱ्या नावावर तारांकन आहे, आणि काम उंदरांवरचे आहे. दुसरीत चाळीसहून अधिक लेखक असून त्यांचे नाव मधोमध आहे; हा अनेक रुग्णालयांतील रुग्णांचा अभ्यास आहे. तिसरीत त्यांचे नाव शेवटी आहे आणि त्यासमोर लिफाफ्याचे चिन्ह आहे. याखेरीज जर्नल ऑफ क्लिनिकल ऑन्कॉलॉजीच्या काही नोंदी यादीत आहेत, ज्या ताईंनी स्वतः निवडल्या नाहीत. पण त्या नियतकालिकाचे नाव मोठे असल्याने मंडळातील एका सदस्यांना त्याच हव्या आहेत. त्यांच्या शेवटी ‘सप्ल’ असे आणि इंग्रजी ‘ई’ अक्षराने सुरू होणारा पानक्रमांक आहे. याचा अर्थ कोणी सांगू शकेल का?


प्रयोगशाळेतून, मूळ गाव शहादा

सर, मी पुण्याच्या एका प्रयोगशाळेत टी-पेशींवरच काम करतो. शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण त्याचे उत्तर छोटे आहे. अमेरिकेतील कर्करोगतज्ज्ञांच्या वार्षिक परिषदेचे गोषवारे त्या नियतकालिकाच्या पुरवणीत छापले जातात, आणि ‘सप्ल’ हे त्या पुरवणीचे चिन्ह आहे. ‘ई’ने सुरू होणारे गोषवारे परिषदेत प्रत्यक्ष सादर होत नाहीत, केवळ प्रसिद्ध होतात. गोषवारा म्हणजे काही शे शब्दांचा सारांश. त्याची पूर्ण निबंधासारखी कसून तपासणी झालेली नसते. म्हणून त्यांचा उल्लेख त्या नियतकालिकातील शोधनिबंध असा करू नये. ताईंनी त्या निवडल्या नाहीत यातच त्यांचा प्रामाणिकपणा दिसतो.

आता त्यांच्या तीन नोंदी. जीववैद्यकात बहुधा प्रत्यक्ष प्रयोग ज्याने केले आणि मसुदा ज्याने लिहिला त्याचे नाव पहिले, आणि ज्याच्या प्रयोगशाळेत, ज्याच्या कल्पनेवर व निधीवर काम झाले त्याचे शेवटी असते. पहिल्या नोंदीतील तारांकन म्हणजे बहुतेक दोघांचा वाटा समान आहे. निबंधाच्या तळटीपेत तसे वाक्य असेल, ते पाहून घ्या. दुसऱ्या व्यक्तीचेही नाव परिचयात यावे, असे मला आग्रहाने सांगावेसे वाटते. उंदरांवरच्या अशा एका निबंधामागे काही वर्षांचे काम असते: गाठ वाढवायची, ठरल्या दिवशी ती काढायची, तिचे बारीक तुकडे करून विकराने (एन्झाइमने) पेशी सुट्या करायच्या, मग प्रत्येक पेशीवरच्या खुणा रंगीत प्रतिपिंडांनी ओळखून यंत्रावर मोजायच्या. गाठ काढलेल्या दिवशीच हे सगळे पूर्ण करावे लागते, कारण रात्रभर ठेवल्या तर टी-पेशी मरू लागतात आणि आकडे खोटे येतात. सणवार असो, घरी लग्न असो, उंदरांचा दिवस चुकवता येत नाही.

दुसऱ्या नोंदीत नाव मध्ये आहे म्हणून ती कमी समजू नका. वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांच्या आंतरराष्ट्रीय समितीने लेखक म्हणवून घेण्यासाठी चार अटी घातल्या आहेत: कामाच्या आखणीत, माहिती जमवण्यात किंवा तिच्या विश्लेषणात भरीव वाटा असावा, मसुदा लिहिण्यात किंवा त्यात महत्त्वाची दुरुस्ती करण्यात सहभाग असावा, अंतिम मसुद्याला संमती असावी, आणि संपूर्ण कामाची जबाबदारी स्वीकारलेली असावी. चाळीस जणांच्या निबंधात कोणी काय केले, हे बहुधा शेवटी ‘लेखकांचे योगदान’ या मथळ्याखाली आद्याक्षरांनिशी दिलेले असते. तिथे ताईंची आद्याक्षरे शोधा. गाठींच्या नमुन्यांचे विश्लेषण त्यांच्याकडे होते असे निघाले, तर तेच एक वाक्य परिचयात घ्या. एक सावधगिरी मात्र बाळगा: मोठ्या चाचण्यांत रुग्ण सहभागी करून घेणाऱ्या डॉक्टरांची नावे परिशिष्टात असतात आणि पबमेड ती ‘सहयोगी’ म्हणून वेगळी दाखवते. ते लेखक नव्हेत. ताईंचे नाव लेखकांत आहे, की त्या यादीत, एवढे पाहून घ्या.

तिसरी नोंद मला सर्वांत जवळची वाटते. शेवटचे नाव आणि लिफाफ्याचे चिन्ह याचा अर्थ पत्रव्यवहाराची व निबंधाची जबाबदारी त्यांची आहे; म्हणजे ती प्रयोगशाळा आता त्यांची स्वतःची आहे. अशा सर्व नोंदी एकत्र काढा आणि त्यांत पहिली नावे कोणाची आहेत ते पाहा. ती त्यांच्या विद्यार्थ्यांची असतील. विद्यार्थ्यांना पहिले नाव देणारा मार्गदर्शक कसा असतो, हे आमच्यासारख्यांना चांगले ठाऊक आहे, आणि प्रकाशनयादीतून माणसाविषयी जे थोडेफार कळते त्यातली ही एक मोठी गोष्ट आहे.

दोन तपासण्या उरतात. मागे घेतलेल्या निबंधावर पबमेड तशी ठळक सूचना देते, शिवाय रिट्रॅक्शन वॉच या गटाची नोंदवहीही सर्वांना खुली आहे. अविश्वास म्हणून नव्हे, तर छापण्यापूर्वीची नेहमीची खबरदारी म्हणून हे करावे. साधी दुरुस्ती आणि निबंध मागे घेणे या वेगळ्या गोष्टी आहेत. दुरुस्ती प्रसिद्ध करणे हे चांगल्या प्रयोगशाळेचे लक्षण आहे. दुसरे म्हणजे हितसंबंधांचे निवेदन, जे निबंधाच्या शेवटी असते. या क्षेत्रात औषध कंपन्यांचा पैसा मोठा आहे; तो घेणे गैर नाही, पण जाहीर केलेला असावा.

ग्रंथालयकर्मी यांच्याशी मात्र एका बाबतीत मी सहमत नाही. संख्या पूर्ण वगळू नये. आमच्या घरात पदवीपर्यंत पोचलेला मी पहिला, आणि लहानपणी कोणीतरी ‘अमुक इतके निबंध’ म्हटले असते तर ते काम एका दिवसाचे नसते एवढे तरी मला कळले असते. संख्या द्या, पण फोडून द्या: मूळ संशोधनाचे इतके, त्यांतील प्रमुख लेखक म्हणून इतके, आढावालेख इतके. गोषवारे त्यात मिसळू नका.


रावेरहून

सर, मी संशोधक नाही. केळीची शेती आणि घर सांभाळते. माझ्या वडिलांना गालाचा कर्करोग झाला होता, म्हणून लिहिते आहे.

२०२४ च्या एप्रिलमध्ये आयआयटी मुंबईत तयार झालेल्या स्वदेशी कार-टी उपचाराचे (यात रुग्णाच्याच टी-पेशी बदलून परत देतात) राष्ट्रपतींच्या हस्ते लोकार्पण झाले, ती बातमी आमच्याकडे एका नातेवाइकांनी कात्रण म्हणून आणली. कात्रणाच्या शीर्षकात ‘कॅन्सरवर भारतीय उपचार’ एवढेच ठळक होते. वडिलांची शस्त्रक्रिया ठरलेली होती. पण घरातील मोठ्यांनी, ‘आता चेहरा कापण्याची गरज नाही, हा नवा उपचार करू,’ असा आग्रह धरला. आम्ही तारीख पुढे ढकलायला निघालो होतो. डॉक्टरांनी शांतपणे समजावून सांगितले की, हा उपचार रक्ताच्या काही कर्करोगांसाठी आहे, बी-पेशींच्या ल्युकेमिया आणि लिम्फोमासाठी आहे, गालाच्या गाठीसाठी नाही. बातमी खोटी नव्हती. शीर्षकात फक्त तीन-चार शब्द कमी होते, आणि तेवढ्यावरून आमच्या घरात आठवडाभर रडारड आणि भांडणे झाली.

म्हणून माझी विनंती अशी आहे की, ताईंच्या नावापुढे ‘डॉ.’ लिहाल तेव्हा त्या रुग्ण तपासणाऱ्या डॉक्टर नसून शास्त्रज्ञ आहेत, हे पहिल्याच परिच्छेदात यावे. त्यांचा फोन किंवा ईमेल छापू नये. त्यांचे आईवडील गावातच राहत असतील, तर घराचा ठावठिकाणाही देऊ नये, कारण लोक फाइल घेऊन थेट त्या माउलीच्या दारात जातील आणि तिला कोणालाच नाही म्हणता येणार नाही. लोक वाईट नसतात, पण घरात असा आजार असला की माणूस कुठेही जातो.

त्याऐवजी लेखाखाली एक लहान चौकट द्यावी. तोंडातली जखम दोन आठवड्यांनंतरही भरत नसेल, पांढरा किंवा लाल चट्टा दिसत असेल, तोंड पूर्वीइतके उघडत नसेल, तर सिव्हिलमध्ये किंवा जवळच्या दंतवैद्याकडे तोंड तपासून घ्यावे, एवढेच त्यात लिहावे. आमच्या वडिलांना चट्टा दिसत होता, आणि तो गुटख्याने भाजल्याचा आहे असे ते म्हणत राहिले.


कर्करोगतज्ज्ञ, धुळे

रावेरच्या ताईंची चौकटीची सूचना घ्यावी, असे मीही म्हणतो. तिच्यात मानेतील न दुखणारी गाठ आणि गिळताना होणारा त्रास हे दोन मुद्दे जोडावेत. शिक्षक महोदय, चौकटीचा आणि त्या तीन निबंधांवरील परिच्छेदांचा मजकूर तयार झाला की इथेच टाका. वैद्यकीय भाग मी वाचून देईन. प्रयोगांचा भाग शहाद्याच्या मित्रांनी पाहावा, आणि छापायला देण्यापूर्वी शेवटचा मसुदा ताईंना स्वतःला दाखवून त्यांची संमती घ्यावी.